पाण्यावर उभं राहायचं कसं

आम्ही कबनूरच्या बचत गटांच्या बायका बोलतोय. आत्ता कुणी कांड्या भरता भरता ऐकत असेल, कुणी रानातनं येऊन नुकतीच टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही नाही. आज एका खेळाची गोष्ट सांगायची आहे. खेळ परदेशातला आहे आणि आपल्यापैकी कुणी तो खेळलेलं नाही. तरी तो सांगायला घेतला, कारण त्याच्या नियमांमधून आपल्या नदीकाठच्या बायकांना उपयोगी पडेल असं बरंच सापडलं.

सुरुवात झाली सहलीपासून. मागच्या थंडीत आमच्या गटांची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याला जायच्या होडीत बसताना होडीवाल्यानं प्रत्येकीच्या हातात एक नारिंगी जॅकेट दिलं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी ते मांडीवर ठेवलं. कुणी म्हणालं, साडी चुरगळते. कुणी म्हणालं, फोटोत बरं दिसत नाही. होडीवाला गप्प उभा राहिला. शेवटी म्हणाला, "सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही." आम्ही हसत हसत पट्टे लावले. तेव्हा वाटलं, माणूस जरा जास्तच शिस्तीचा दिसतो.

परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या एका वहिनींच्या नववीतल्या मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक बाई पाण्यावर उभी. पायाखाली एक फळी, हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक पुढे पळणाऱ्या मोटारबोटीला. ती बाई पाण्यावरच्या लाल चेंडूंना वळसे घालत, एका बाजूला झुकून, पाण्याचा पडदा उडवत चालली होती. पोरगी म्हणाली, "ताई, हे कसं शिकतात? आणि पडली तर तिला कोण काढतं?"

तिची आई पलीकडच्या सीटवरून म्हणाली, "पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

गाडीतल्या आम्हा सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं. वहिनींचं माहेर नदीकाठचं. त्यांचा धाकटा भाऊ सुट्टीत मित्रांबरोबर पोहायला गेला आणि परत आला नाही. त्याला बरीच वर्षं झाली, पण वहिनी अजून पुलावरून जाताना खिडकीकडे पाठ करून बसतात. मग कुणी काही बोललं नाही. पण पोरीचे दोन प्रश्न आमच्या डोक्यात राहिले. त्यांची उत्तरं शोधली, ती आज तुमच्यापुढे मांडतोय.

या खेळाचं नाव वॉटर स्कीइंग. बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब फळ्यांना स्की म्हणतात. तसल्याच फळ्या पाण्यावर वापरायच्या.

सुरुवात अमेरिकेत झाली. मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे, तिथल्या पेपिन तलावावर. साल १९२२. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात आलं, बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही? त्यानं आधी लाकडी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून बघितल्या. बुडाला. मग बर्फावरच्या फळ्या बांधल्या. परत बुडाला. मग पाइनच्या लाकडाच्या लांब रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोकं घरातल्या भांड्यात उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वर वाकवली. बोट त्याच्या भावानं चालवली. कितीतरी वेळा पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की फळीची टोकं पाण्याच्या वर ठेवून अंग मागे टाकायचं. २ जुलै १९२२ ला तो पाण्यावर उभा राहिला. वर वाकवलेलं टोक आणि मागे टाकलेलं अंग, एवढ्या दोन गोष्टींवर आजही हा खेळ उभा आहे.

आता साहित्य बघू. पहिली गोष्ट फळी. नवशिक्याला दोन फळ्या देतात, एकेका पायाला एकेक. सरावलेली खेळाडू एकाच फळीवर दोन्ही पाय पुढेमागे ठेवून उभी राहते. फळीखाली मागच्या बाजूला माशाच्या परासारखं पातं असतं, त्यानं वळताना फळी पाणी धरून ठेवते. पूर्वी फळ्या लाकडाच्या असत, आता फायबर आणि कार्बनच्या हलक्या असतात. फळीवर पाय अडकवायला रबरी खोळ असते. जोरात पडलं तर पाय त्यातून सुटला पाहिजे. अडकून राहिला तर घोटा मोडतो.

दुसरी गोष्ट दोरी. मागावर काम करणाऱ्या बायकांना ही लगेच समजेल. ती सुताची नसते. प्लास्टिकच्या धाग्याची, पाण्यावर तरंगणारी असते. बुडणारी दोरी बोटीच्या पंख्यात जाऊन गुंतेल. दोरीच्या टोकाला रबर गुंडाळलेली आडवी मूठ असते. पूर्ण दोरी १८.२५ मीटर असते. दोन नऊवारी साड्या एकीला एक बांधल्या तर साधारण साडेसोळा मीटर होतात, त्याच्यापेक्षा थोडी लांब. हे साडीचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट बोट. आणि चौथी अंगातलं तरंगणारं जॅकेट. फळीवरून उंच उडी मारायची असेल तर स्पर्धेत जॅकेट आणि डोक्याला हेल्मेट दोन्ही सक्तीचं. शिकणाऱ्याला तर जॅकेटशिवाय पाण्यात सोडायचंच नाही.

शिकवतात कसं ते ऐका. नवशिका पाण्यात असतो, पोटाशी गुडघे घेऊन, चुलीपुढं उकिडवं बसल्यासारखा. फळ्यांची टोकं पाण्याबाहेर, हात सरळ, दोरी दोन फळ्यांच्या मधून. बोट हळूहळू वेग घेते. इथं सगळ्यांची एकच चूक होते. उभं राहायच्या घाईत माणूस दोरी स्वतःकडे ओढतो आणि तोंडावर पडतो. शिकवणारे सांगतात, ओढू नका, तसंच बसून राहा, बोटच तुम्हाला उठवेल. गुडघे वाकलेले, हात सरळ आणि नजर समोर बोटीवर. पायाकडे बघितलं की गेलं. आपण नवीन गट काढतो तेव्हाही असंच होतं. पहिल्या महिन्यातच मोठं कर्ज ओढायला निघालेला गट तोंडावर पडतो, हे तुम्ही बघितलंय.

आणि पडायला लागलं तर? दोरी सोडायची. हा पहिला धडा असतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, मूठ हट्टानं धरून ठेवायची नाही. सोडली की माणूस जागेवर थांबतो आणि जॅकेट त्याला वर ठेवतं.

आता स्पर्धेकडे येऊ. मुख्य स्पर्धा तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार स्लॅलम, म्हणजे त्या व्हिडिओतला वळशांचा. पाण्यावर २५९ मीटर लांबीचा रस्ता आखलेला असतो. बोट त्याच्या मधोमध नाकासमोर सरळ जाते. मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब सहा चेंडू तरंगत ठेवलेले असतात, तीन उजवीकडे, तीन डावीकडे. खेळाडूनं सुरुवातीच्या फाटकातून आत शिरायचं, सहाही चेंडूंना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या फाटकातून बाहेर पडायचं. एक फेरी जमली की बोटीचा वेग ताशी ३ किलोमीटरनं वाढवतात. मोठ्या स्पर्धेत बायकांसाठी वेगाची मर्यादा ताशी ५५ किलोमीटर आहे आणि पुरुषांसाठी ५८. पंचावन्नच्या वेगानं सगळा रस्ता १७ सेकंदांत संपतो. तेवढ्यात सहा वळसे.

वेग मर्यादेला पोचला की दोरी कमी करायला लागतात. १८.२५ वरून १६, मग १४.२५, मग १३, मग १२, मग ११.२५ मीटर. आता हिशोब करा. ११.२५ मीटर म्हणजे जवळपास दोन सहावारी साड्या. आणि चेंडू आहे साडेअकरा मीटरवर. म्हणजे दोरी आखूड पडली, चेंडू लांब राहिला. तरी वळसा घालायचा आहे. उरलेलं अंतर खेळाडू अंगानं भरून काढते. पाय आणि फळी बाहेर फेकून, हात लांब करून, जवळजवळ पाण्याला टेकेल इतकी आडवी होऊन. जगातल्या अव्वल बायका १०.२५ मीटरच्या दोरीवर खेळतात. एक चेंडू चुकला की खेळ तिथंच थांबतो आणि तोवर घातलेले वळसे मोजतात. निम्मा वळसा झाला असेल तर तो निम्मा धरतात. सगळं आकड्यात आहे, पंचाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

दुसरा प्रकार कसरतींचा. फळी आखूड आणि रुंद असते, तिला खाली पातं नसतं, म्हणून ती गोल फिरते. खेळाडूला वीस वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या मिळतात. तेवढ्यात गिरक्या घ्यायच्या, पाठमोरं व्हायचं, दोरीची मूठ पायात अडकवून फिरायचं. प्रत्येक कसरतीचे गुण ठरलेले आहेत आणि तीच कसरत परत केली तर तिचे गुण मिळत नाहीत. पायात दोरी अडकवलेली असते तेव्हा बोटीत एक माणूस फक्त दोरी सोडायला बसलेला असतो. खेळाडू पडतेय असं दिसलं की त्यानं खटका ओढून दोरी मोकळी करायची. पाय अडकलेली बाई स्वतः दोरी सोडू शकत नाही, म्हणून ते काम दुसऱ्याकडे दिलेलं असतं. त्याची नजर क्षणभरही हलून चालत नाही.

तिसरा प्रकार उडीचा. पाण्यात एक उतरती घसरगुंडी तरंगत असते, तिच्यावर उलट्या बाजूनं चढून हवेत झेपावायचं. बायकांच्या स्पर्धेत तिचं टोक पाण्यापासून १.६५ मीटरपर्यंत उंच ठेवतात. तीन उड्या मिळतात, त्यातली सगळ्यात लांब धरतात. ऑस्ट्रेलियाची जसिंटा कॅरोल ६० मीटरच्या पुढे गेली आहे. ६० मीटर म्हणजे अकरा सहावारी साड्या एकीला एक बांधून पसरल्या तर जेवढं होईल तेवढं.

आता तुम्ही म्हणाल, हे नियम ठरवतं कोण? आपल्याकडे जसे दहा बारा जणींचा गट, गावातल्या गटांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, तशीच इथंही उतरंड आहे. सगळ्यात वर जागतिक संघटना. ती १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला स्थापन झाली. आज तिचं नाव आंतरराष्ट्रीय वॉटरस्की आणि वेकबोर्ड फेडरेशन. तिच्या खाली जगाचे तीन विभाग, त्यात आपण आशिया आणि ओशिआनिया विभागात येतो. त्याखाली देशोदेशीच्या संघटना. संघटनेच्या समित्या नियमांचं पुस्तक तयार करतात आणि वेळोवेळी सुधारतात. पंचांनाही परीक्षा देऊन दर्जा मिळवावा लागतो. विक्रम झाला तर दोरी, वेग, चेंडूंची जागा, सगळं मोजून तपासल्याशिवाय तो वहीत चढत नाही. आपल्या दशसूत्रीसारखंच हे. वही, हिशोब, नियमित तपासणी.

पहिली जागतिक स्पर्धा १९४९ साली फ्रान्समध्ये ज्वाँ ले पँ या समुद्रकाठच्या गावी झाली. तेव्हापासूनच बायकांची स्पर्धा होती. अमेरिकेची विला वर्दिंग्टन त्यात अव्वल आली, मग १९५० ला आली आणि परत १९५५ ला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ नुसता प्रदर्शनापुरता दाखवला गेला. ऑलिंपिकच्या पदकांच्या यादीत त्याला अजून जागा नाही. पायांनी अधू असलेल्या खेळाडूंसाठी बसून खेळायची फळी आहे आणि त्यांच्याही जागतिक स्पर्धा होतात.

हा खेळ महागडा आहे हेही सांगून टाकतो. मोटारबोट, तिचं तेल, मोठं शांत पाणी, एवढं सगळं लागतं. आपल्या भागात गल्लीतली पोर उठून शिकायला जाईल असा तो नाही. मग आम्ही एवढा वेळ त्याच्याबद्दल का बोललो?

तर पोरीच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. पडली तर तिला कोण काढतं?

याचं उत्तर असं. वॉटर स्कीइंग शिकवताना बोटीत दोन माणसं लागतात. एक चालवणारा, त्यानं पुढे बघायचं. दुसरा मागे बघणारा, त्यानं फक्त दोरीच्या टोकाच्या माणसाकडे बघायचं. त्यानं गप्पा मारायच्या नाहीत, मोबाइल काढायचा नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली म्हणजे कमी करा. गळ्यावरून आडवा हात फिरवला की थांबा. डोक्यावर थापटलं की मला काठाला न्या. आणि पडल्यावर दोन्ही हात डोक्याच्या वर जोडले की मी बरी आहे. ही खूण दिसली नाही तर बोट ताबडतोब मागे फिरते. पाण्यातल्या माणसाजवळ गेल्यावर इंजिन बंद करायचं, मगच त्याला वर घ्यायचं.

बघा, हे सगळं खेळासाठी आहे. मजेसाठी पाण्यात उतरलेल्या एका माणसामागे दोन माणसं, एक जॅकेट, पाच खुणा आणि नियमांचं एक पुस्तक. आणि आपण जेव्हा मजेसाठी नाही, तर जीव वाचवायला होडीत बसतो, तेव्हा यातलं आपल्याजवळ काय असतं?

मैत्रिणींनो, २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही पाठ आहे. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला परत गेलं. नदीकाठच्या पाहुण्यांनी आमच्या कबनूरची घरं भरली होती. चुली दिवसरात्र पेटत्या होत्या. आणि ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. १७ जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लेकरं होती. झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होडीत होती. चूक कुणाची ते आम्ही सांगायला बसलेलो नाही. घराला पाणी लागलेलं असताना समोर होडी आली तर आपणही तिच्यात चढलो असतो. पोरांना आधी चढवलं असतं, वर शेजारणीला हात दिला असता. म्हणूनच होडीत किती जणांनी बसायचं हे पूर आलेल्या दिवशी ठरवता येत नाही. ते उन्हाळ्यात ठरवून ठेवायला लागतं.

तो मालवणचा होडीवाला आम्हाला तेव्हा कडक वाटला होता. आता त्याचं म्हणणं पटतं.

तर खेळाच्या नियमांतून आम्ही आपल्यासाठी काय काढलं, ते सांगतो. लिहून घ्या किंवा घरात कुणाला तरी लिहायला सांगा.

पहिलं, जॅकेट. नुसतं अंगात अडकवून उपयोग नाही. सगळे पट्टे लावायचे आणि मग दुसरीनं दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर ते तोंडावर येईल आणि माणूस खालून निसटेल. लेकराला मोठ्या माणसाचं जॅकेट घालू नये. जॅकेट वजनानुसार असतं आणि लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावायचाच. जॅकेट नसेल तर घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन किंवा डबे काखेखाली बांधावेत. आपले वडील, काका पाठीला डबा बांधूनच विहिरीत पोहायला शिकले ना? कॅन हे जॅकेटच्या बरोबरीचं नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

दुसरं, साडी. होडीत बसायची वेळ आली तर निऱ्या पायात गुंडाळतात आणि पाय मारता येत नाहीत. जमेल तिनं ड्रेस घालावा. नाही जमलं तर कासोटा मारावा. आपल्या आज्या नऊवारी नेसून रानात, पाण्यात वावरायच्या, ते उगीच नव्हतं. पदर कमरेला खोचावा, गळ्याभोवती घेऊ नये.

तिसरं, तीच साडी दोरी म्हणून. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. बुडणारा माणूस घाबरून मिठी मारतो आणि दोघंही जातात. अशी घरं आपण बघितली आहेत. काठावर पालथं झोपावं, मागून कुणीतरी पाय धरावेत आणि साडीचं टोक, दोरी, काठी, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावं. एक सहावारी साडी साडेपाच मीटर, दोन बांधल्या तर अकरा. गाठ घट्ट मारा, ओली सिंथेटिक साडी सुटते. आणि साडी आपल्या हाताला गुंडाळू नका. हाताला गुंडाळायचं नाही हा नियम खेळात आहे तो इथंही तसाच. ओढ आपल्या ताकदीबाहेर गेली तर सोडता आलं पाहिजे.

चौथं, मागे बघणारी. होडीत बसताना एक जण ठरवा, तिचं काम फक्त माणसं मोजायचं. चढताना किती, उतरताना किती. होडीवर माणसांचा आकडा रंगवलेला असेल तर तो ओलांडायचा नाही आणि हे मोठ्यानं सांगायचं काम तिचं. नवरा, सासरा, पुढारी, कुणीही म्हणालं "एवढ्यानं काय होतंय", तरी तिनं ऐकायचं नाही. खुणाही तिनं सगळ्यांना आधी शिकवून ठेवाव्यात. वर दाखवल्या त्या पाच पुरेत.

पाचवं, ही मागणी कागदावर आणा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. नदीकाठच्या गावातल्या गटांनी तिथं विचारावं, आपल्या पंचायतीची होडी आहे का, तिच्यात किती माणसं बसतात, तेवढी जॅकेटं आहेत का, लहान मापाची आहेत का, गेल्या वर्षभरात कुणी ती उघडून बघितली का? ठराव लिहून घ्या, वहीवर सह्या करा. जूनच्या आधी एकदा सगळ्यांनी जॅकेट घालून बघायचा दिवस ठरवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे आणि कुठल्याही संकटात ११२. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जिल्हा प्रशासन "आपदा मित्र" म्हणून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतं, त्यात आपल्या तरण्या मुली आणि सुना जाऊ शकतील का, हेही विचारा.

आमच्या गटांनी ही सुरुवात केली आहे. बैठकीत प्रत्येकीनं एकदा जॅकेट घातलं, दुसरीनं खांदे ओढून बघितले. जॅकेट एकच होतं, ते आळीपाळीनं. चारचौघींत हसूही झालं. पण जॅकेटचे तीन पट्टे न चुकता लावायला किती वेळ लागतो ते कळलं. पुराच्या अंधारात, रडणारं लेकरू कडेवर असताना ते पहिल्यांदा शिकायचं नसतं.

भीतीचंही सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं दुष्काळी गाव आहे. तिथले दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचे. २०१२ साली सैन्यात भरती झाले, तिथं त्यांना वल्हवायच्या खेळासाठी निवडलं. पाण्याची भीती वाटायची, असं त्यांनीच सांगितलं आहे. तोच माणूस २०१६ साली रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या होडीत उतरला आणि जगात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. आणि बायकांचं उदाहरण हवं असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बघा. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना कांदळवन दाखवून आणतात. आपल्यासारख्याच गटातल्या बायका. होडी चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं रीतसर शिक्षण हवं असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

आता शेवटी त्या वहिनींचं सांगतो. त्यांना न विचारता सांगत नाही, त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. बैठकीत जॅकेट त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "हे असतं तर माझा भाऊ आज चाळिशीचा असता." कुणाला काही सुचेना. मग त्यांनी ते घातलं आणि लेकीला म्हणाल्या, "ओढून बघ गं, सैल आहे का."

फळीवर उभं राहायला त्या लेकीला पाठवतील का? आम्हाला नाही वाटत. त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे आणि आम्ही कुणी त्यांना आग्रह करणार नाही. पण उन्हाळ्यात पोरीला पोहायला शिकवायचं त्यांनी ठरवलं आहे. तलाव असेल तिथं, शिकवणाऱ्या बाई असतील तिथं. एक अट घातली आहे. "मी रोज काठावर बसणार आणि तिच्यावरनं नजर काढणार न्हाई."

आम्ही त्यांना सांगितलं, वहिनी, जगातल्या मोठ्या मोठ्या स्पर्धांत या कामाला एक माणूस नेमलेला असतो. तुम्ही ते फुकट करताय.

बरं मैत्रिणींनो, पावसाळ्याला अजून अवधी आहे. तुमच्या गावात होडी असेल तर या महिन्यात जाऊन तिचे पाट मोजा, जॅकेटं मोजा, आणि काय आढळलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्या गावांची नावं घेऊन तेच वाचून दाखवू. नमस्कार.